उलट बाजू बाळाची

झबलं हातात आलं की आमची आजी आधी ते उलटं करायची. रंग नाही, किंमत नाही, पुढचं नक्षीकाम नाही. उलटं करून काखेतली शिवण गालावरून फिरवायची. गालाला खरखर लागली तर घडी घालून परत द्यायची, "छान आहे हो" असं म्हणून. घेणारीला कळायचं नाही की झबलं नापास झालंय.

मला हे समजायला बरीच वर्षं लागली. शिवण शिकताना आपण सुलट बाजू सजवायला शिकतो. टीप सरळ दिसली पाहिजे, चुण्या सारख्या पडल्या पाहिजेत, आणि आतला पसारा आतच झाकला गेला पाहिजे. मोठ्यांच्या कपड्यात ते चालतं. बाळाचा सगळा मुक्काम मात्र त्या आतल्या पसाऱ्यातच असतो. बाहेरची बाजू फोटोची आणि पाहुण्यांची. म्हणून बाळासाठी शिवायला बसताना एवढी एकच गोष्ट फिरवून घ्या: आतली बाजू सुलट धरा आणि बाहेरची उलट. कापड कुठलं घ्यायचं, टीप कुठं मारायची, गोट कुठल्या बाजूनं लावायचा, या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मग आपोआप मिळतात.

पहिला कपडा म्हणून मी झबलंच सुचवीन, फ्रॉक नव्हे. फ्रॉक दिसायला हौशीचा, पण पहिल्या तीन महिन्यांत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. बाळ दिवसभर पाठीवर झोपलेलं, मान धरत नाही, दर दोन तासांनी ओलं. डोक्यावरून घालायचा कुठलाही कपडा त्याच्यासाठी आणि घालणाऱ्यासाठीही शिक्षा. पुढून पूर्ण उघडणारं, एका पदरावर दुसरा पदर येणारं आणि कडेला बंद बांधायचं झबलं खाली पसरायचं, बाळ त्यावर ठेवायचं, दोन हात घालायचे, झालं. जपानमध्ये नवजात बाळाच्या आतल्या कपड्याला हादागी म्हणतात. तोही असाच, कडेला बंद बांधायचा आणि शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवलेला. तिथल्या आज्याही गालावरून फिरवून बघत असणार.

कापडाची गोष्ट आधी, कारण निम्मं झबलं तिथंच ठरतं.

सगळ्यांत उत्तम कापड दुकानात मिळत नाही, ते घरातल्या ट्रंकेत असतं. शंभर वेळा धुतलेलं सुती लुगडं, आजोबांचं धोतर, मलमलचा जुना दुपट्टा. नव्या कापडावरची खळ आणि रसायनांचा हात त्यातून कधीच निघून गेलेला असतो आणि धागा मऊ पडलेला असतो. मात्र जुनं म्हणजे जीर्ण नव्हे. कापड खिडकीशी उजेडाला धरा. जिथं धागे विरळ दिसतील तो भाग सोडून द्या. मग दोन अंगठे जवळजवळ ठेवून कापड ओढून पाहा. 'चर्र' झालं तर ते दुपट्याच्या आतल्या थराला वापरा, झबल्याला नको. लुगड्याचा बसण्याचा भाग सगळ्यांत आधी विरतो, पदराकडचा आणि निऱ्यांच्या आतला भाग बहुधा चांगला निघतो.

ट्रंकेचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. डांबरगोळ्यांमध्ये ठेवलेलं कापड बाळासाठी घेऊ नका. या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला नॅफ्थलीनच्या वासात मुरलेले कपडे घातले तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि कावीळ वाढून धोक्याची होऊ शकते. आपल्या बाळात ही उणीव आहे की नाही हे तपासणीशिवाय समजत नाही. तेव्हा वासाचं कापड धुवून, वाळवून वापरण्यापेक्षा दुसरं शोधलेलं बरं. शिवलेली झबली जपून ठेवतानाही गोळ्या नकोत. कडुनिंबाचा सुकलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा.

नवं कापड घ्यायचं असेल तर मलमल, केंब्रिक किंवा मऊ पॉपलिन. थंडीसाठी फ्लॅनेल. होजिअरीचं ताणलं जाणारं कापड बाळाला छान, पण शिकाऊ हाताला नाही. साध्या मशीनवर ते लाटा घेतं आणि टाके सोडतं. 'कॉटनसारखं' म्हणून विकलं जाणारं मिश्र कापड ओळखायचं तर कडेचे दोनतीन धागे काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख हातात चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गुठळी होते.

नवं कापड बेतण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी धुवा, वाळवा, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, वारामागं इंच-दीड इंच सहज. मोठ्यांच्या कुडत्यात ते खपून जातं. झबल्याची लांबीच अकरा इंच, त्यातला अर्धा इंच गेला तरी डोळ्यांना कळतो. रंगीत कापड असेल तर पांढरा ओला रुमाल त्यावर घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तो बाळाच्या अंगालाही लागेल, आणि बाळ बाही चोखतंच.

आता मापं. माझं पहिलं झबलं मी भाचीसाठी शिवलं, ते गळ्याच्या मापावर. टेपनं गळा मोजला, दहा इंच भरला, सुबक गोल गळा कापला, गोट लावला, मागं एक बटण. बाळ आणलं, झबलं डोक्यावर धरलं आणि ते टाळूपाशीच अडकलं. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं सतरा इंच असतं, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. ताई हसून म्हणाली, "पायातून घालू या का?" शेवटी कात्री घेऊन पुढून उभं फाडलं, कडा दुमडल्या, बंद लावले. तेच झबलं मग सगळ्यांत जास्त वापरलं गेलं.

बाळाच्या अंगाची मांडणी आपल्यासारखी नसते. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर आणि छाती त्याहून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरनं कमी. म्हणजे डोकं छातीपेक्षा मोठं! दोन्ही मापं वर्षभराच्या आसपास बरोबरीला येतात, सुमारे ४६ सेंटिमीटरवर. वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. म्हणून डोक्यावरून घालायच्या कपड्यात डोक्याचं माप घ्यायचं, आणि कुठल्याही कपड्यात आजच्या मापाला शिवायचं नाही.

बारशाच्या बेतानं, म्हणजे जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत चालेल असं झबलं कसं बेतायचं ते सांगते. छाती १४ इंच धरा. त्यात ६ इंच सैलपणाचे मिळवा, झाले २०. त्याचा चौथा भाग ५, आणि त्यावर अर्धा इंच माया. शिवणीत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्या शिंप्यांनी माया हा शब्द दिलाय, तो कुणाला सुचला असेल त्याला नमस्कार. सहा इंचांचा सैलपणा भलताच वाटेल, पण तोच या झबल्याचा जीव आहे. लहान बाळाला दोन्ही पदर एकमेकांवर भरपूर येतात आणि पोट दुहेरी झाकलं जातं. बाळ वाढेल तसे पदर एकमेकांपासून सरकत जातात आणि झबलं न उसवता मोठं होत राहतं.

कापडाचा तुकडा २४ इंच लांब आणि १९ इंच रुंद घ्या. लांबी उभ्या धाग्यावर, म्हणजे काठाला समांतर, धरा. आधी लांबीची घडी घाला, म्हणजे १२ इंच राहतील. ही घडी म्हणजे खांदा. मग रुंदीची घडी, साडेनऊ इंच. ही घडी म्हणजे मध्य. दोन्ही घड्या जिथं भेटतात त्या कोपऱ्यात गळा येतो. खडूनं खुणा करा. कोपऱ्यापासून खांद्याच्या घडीवर २ इंच, आणि मध्याच्या घडीवर अर्धा इंच खाली. या दोन खुणा गोलाईनं जोडल्या की पाठीचा गळा झाला. तो चारही थरांतून कापा. मग कापड उलगडून फक्त पुढच्या भागावर गळा मध्यावर २ इंच खोल करा. मध्यापासून साडेपाच इंचांवर काख, ती खांद्याच्या घडीपासून साडेचार इंच खाली. बाहीच्या तोंडाशी खांद्यापासून ४ इंच. काखेतून खाली येताना कड थोडी पसरू द्या, तळाशी मध्यापासून साडेसहा इंच. काखेचा कोपरा काटकोनी ठेवू नका, वाटीच्या कडेनं गोल आखा. काखेत कोपरा राहिला तर कापड तिथं खेच घेतं आणि चार धुण्यांत फाटतं. शेवटी पुढचा भाग मधोमध वरपासून खालपर्यंत कापा, आणि गळ्याशी तयार झालेले दोन कोपरे रुपयाच्या नाण्याच्या कडेनं गोल करा.

खांद्यावर शिवण नाही, बाही वेगळी जोडायची नाही. सगळ्या झबल्यात शिवणी दोनच, दोन्ही कडेला. बाही मनगटाच्या अलीकडं संपते, ती तशीच असू द्या. लांब बाही दुधात, लाळेत आणि तोंडात जाते. बाहीचा घेर ढगळ वाटला तर स्वतःची तीन बोटं तोंडातून घालून बघा. कपडा घालताना बाळ हात पुढं करत नाही. आपणच बाहीतून बोटं घालून त्याची मूठ धरून बाहेर काढायची असते. त्या बोटांनाही जागा लागते.

आता टीप. मशीनला ११ नंबरची सुई लावा, मलमल फार तलम असेल तर ९ नंबरची. जाड सुईनं मलमलीला दिसतील अशी भोकं पडतात. बारीक कापड सुरुवातीलाच दातऱ्यात ओढलं जातं, हा सगळ्यांचा अनुभव. कापडाखाली वर्तमानपत्राचा नव्हे, कोऱ्या पातळ कागदाचा तुकडा ठेवून सुरू करा आणि नंतर तो फाडून काढा. वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरून ठेवली तरी निम्मं काम होतं.

सुरुवात बाहीच्या तोंडापासून करा, कडेची शिवण घालण्याआधी, कापड सपाट असतानाच. सात इंचांची नळी मशीनच्या पायाखाली फिरवणं म्हणजे स्वतःला छळणं आहे. पाव-पाव इंच दोनदा दुमडा, आणि ही दुमड बाहेरच्या बाजूला घ्या. सवयीनं हात आत दुमडेल, त्याला थांबवा.

मग कडेच्या शिवणी. कापडाची बाहेरची बाजू आत येईल असं झबलं खांद्यात दुमडा आणि काठापासून पाव इंचावर पहिली टीप मारा, बाहीच्या तोंडापासून काखेतून तळापर्यंत. आता उरलेली कड कात्रीनं एक सूत ठेवून छाटा, म्हणजे इंचाचा आठवा भाग. काखेच्या गोलाईत तीन-चार ठिकाणी अगदी छोटे कट द्या, टिपेला न लागता. झबलं पलटवा, शिवण नखानं नीट काढा, आणि पुन्हा पाव इंचावर दुसरी टीप मारा. छाटलेली कड दोन टिपांमध्ये कायमची बंद झाली. शिवणीची उंच पट्टी बाहेर दिसेल आणि आत हात फिरवलात तर नुसती एक रेघ लागेल. शिलाईच्या वर्गात हीच दुहेरी शिवण उलट क्रमानं शिकवतात, पट्टी आत जाईल अशी. इथं ती बाहेर हवी. कुणी म्हणेल, "अगं, उलटं घातलंयस की." म्हणू दे.

तळाला आधी पाव आणि मग पाऊण इंच दुमडून टीप मारा, अर्थात बाहेरच्या बाजूला. नंतर पुढच्या दोन्ही कडा आणि गळा यांना मिळून एकच गोट. गोटाची पट्टी सरळ कापडाची चालत नाही, गोलाईवर ती चुण्या घेते. कापडाचा चौकोन तिरका दुमडून उरेब पट्टी कापा, सव्वा इंच रुंद. जोड देऊन छत्तीस इंच झाली की पुरते. छत्तीस इंच पन्ह्याचं कापड घेतलंत तर झबलं कापून उरलेल्या तुकड्यातच ती निघते. पट्टी झबल्याच्या आतल्या बाजूनं आधी शिवा, मग बाहेर पलटून, कड दुमडून, वरून टीप मारा. जुन्या लुगड्याच्या पांढऱ्या पोताला त्याच लुगड्याच्या रंगीत भागाचा गोट लावला की झबलं एकदम उठून दिसतं. पट्टी ओढू नका, नुसती ठेवत जा. ओढलेल्या गोटानं गळा पिशवीच्या तोंडासारखा आवळतो.

राहिले बंद. तशाच आणखी उरेब पट्टीच्या नळ्या करून सहा-सहा इंचांचे चार बंद शिवा. वरच्या पदराच्या कडेला दोन, आणि त्यांचे जोडीदार समोरच्या कडेच्या शिवणीवर, बाहेरून. पहिली जोडी गळ्यापासून तीन-साडेतीन इंच खाली, दुसरी त्याखाली तीन इंचांवर. गळ्याशी बंद लावायचा मोह होतो, कारण तिथं पदर उघडा पडतो. लावू नका. गळ्याशी बांधलेली कुठलीही दोरी वळवळणाऱ्या बाळाला धोका आहे. युरोपात मुलांच्या कपड्यांसाठी एक सुरक्षा मानक आहे, ईएन १४६८२. त्यात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी नाडी लावायला मनाईच आहे. आतल्या पदराला काही जण एक आतला बंदही लावतात. मी लावत नाही, त्याची गाठ नेमकी बरगडीवर येते. बटण नको, ते सुटलं की तोंडात जातं. टिचबटण मोठ्या बाळाला ठीक, पण मलमलीला ते पेलत नाही. उघडताना कापडच फाटून हातात येतं.

मशीन नसेल तर हातानं शिवा, झबल्यात अडून राहण्यासारखं काही नाही. बारीक धावदोरा घाला आणि दर चौथ्या टाक्याला एक उलटा टाका, म्हणजे ओढलं तरी दोरा सरकत नाही. गाठी शिवणीच्या घडीत लपवा. दोन संध्याकाळींचं काम आहे.

झबलं झालं असं वाटेल तेव्हा अजून दोन गोष्टी राहिलेल्या असतात. टाचण्या मोजा. मी वाटीत मोजून दहा टाचण्या घेऊन बसते आणि उठताना दहा भरल्याशिवाय झबलं हलवत नाही. एकदा नऊ भरल्या होत्या. दहावी चटईत सापडली, पण त्या पंधरा मिनिटांत जीव घशात आला होता. चुंबक असेल तर कपड्यावरून फिरवा. दुसरी गोष्ट दोरे. झबलं उलटं करून लोंबणारा प्रत्येक दोरा कापा. बाळाच्या बोटाभोवती एखादा दोरा किंवा आईचा केस गुंडाळला गेला तर तो आवळत जातो, बोट सुजतं आणि रक्तपुरवठा बंद पडू शकतो. हातमोजे आणि पायमोजे शिवणाऱ्यांनी तर हे डोळ्यांत तेल घालून पाहावं, कारण आत काय चाललंय ते दिसतच नाही. बाळ काही केल्या रडायचं थांबत नसेल तर आधी बोटं तपासा असं डॉक्टरही सांगतात.

अशी सहा-आठ झबली पुरतात. पावसाळ्यात दहा, कारण वाळत काहीच नाही. त्याहून जास्त शिवू नका, तीन महिन्यांत माप बदलतं. काही घरांत बाळ येण्याआधी कपडे शिवायचे नाहीत असं मानतात. आमच्या घरी त्यावर तोडगा होता: कापड आधी धुवून, बेतून, घडी घालून ठेवायचं आणि बाळ झाल्याची बातमी आली की मशीनवर बसायचं. बाराव्या दिवशी बारशाला बाळंतविडा जायचा, त्यात झबली, टोपडी, दुपटी, लंगोट सगळं ताजं शिवलेलं. अकराव्या रात्री घरात मशीनचाच आवाज असायचा.

कुंचीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हौस तिथंच उतू जाते. खणाची कुंची म्हणजे आमच्या सांगली-कोल्हापूरकडचा मानाचा कपडा. डोक्यावर टोपी आणि तिला जोडलेला पाठीवर सोडलेला घोळ. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. जर किंवा रेशमी काठ, आणि पोतात बारीक उठावाची नक्षी. दिसायला देखणा, पण त्याची मागची बाजू बघा, तिथं सुटे धागे असतात. म्हणून खणाला मलमलीचं अस्तर हवंच, नुसतं टोपीला नव्हे, सगळ्या कुंचीला. हनुवटीखालचे बंद आखूड ठेवा, आणि बारशाचे फोटो झाले की कुंची उतरवा. बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकतं, आणि झोपलेल्या बाळाच्या डोक्यावरची टोपी तोंडावर सरकू शकते. गोंडे, मोती, टिकल्या, आरसे यांतलं काहीही बाळाच्या हाताला पोचेल असं लावू नका. पाठीच्या घोळाच्या टोकाला एखादा गोंडा, तोही कडेवर घेतलं असेल तेवढा वेळ.

भरतकामाची हौस असेल तर कसुती शिका. इरकली साड्यांवर दिसतं तेच ते काम. त्यातले गावंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात आणि सुरुवात गाठ न मारता करतात. बाळाच्या कपड्यावर याहून योग्य भरतकाम मला माहीत नाही. साखळी टाका, गाठीचा टाका, भरीव टाका हे सगळे मागं खरबरीत होतात. ते करायचेच तर तळाच्या दुमडीवर करा, तिथं कापड दुहेरी असतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण असतं आणि त्यासाठी काळं झबलं लागतं. काळं सुती कापड सगळ्यांत जास्त रंग सोडतं. ते तीनदा धुवा, शेवटच्या धुण्याचं पाणी स्वच्छ निघालं तरच वापरा, आणि आतून पांढऱ्या मलमलीचं पूर्ण अस्तर द्या. तोवर बाळ किती महिन्यांचं आहे त्याप्रमाणं माप नव्यानं घ्या. सूत्र तेच, छाती अधिक सहा, भागिले चार, अधिक अर्धा. हलव्याचे दागिने झबल्यावर शिवून टाकायची एक पद्धत आली आहे, ती मला पटत नाही. दागिना गळ्यात, हातात घालावा, फोटो काढावा, उतरवावा. शिवलेला हलवा बाळ ओढून तोंडात घालतं, आणि काटेरी दाणा घशात अडकायला पुरेसा मोठा असतो.

फ्रॉक शिवायचाच असेल तर तो सहाव्या महिन्यानंतर. छाती १७ धरा, त्यात ४ इंच सैलपणा पुरे. मागं निम्म्या पाठीपर्यंत उघडा ठेवा, म्हणजे सतरा इंचांचं डोकं बिनबोभाट जाईल. वरचा भाग छोटा, काखेपर्यंतच, आणि खाली चुण्या. चुण्यांना वरच्या भागाच्या दीडपट कापड घ्या. दुप्पट घेतलं तर जोडाची शिवण जाड होते आणि ती नेमकी छातीवर येते. वरच्या भागाला अस्तर लावून चुण्यांची कड दोन्ही थरांच्या मध्ये बंद करा, म्हणजे आत पुन्हा सपाट. लांबी गुडघ्याच्या वरच ठेवा. बाळ रांगायला लागलं की लांब फ्रॉक गुडघ्याखाली येतो, पुढचा हात उचलला की ते नाकावर आपटतं, आणि आपण म्हणतो रांगायला उशीर होतोय.

धुताना साधा साबण, आणि पाणी दोनदा जास्त बदला. कापडात साबण राहिला की मान आणि काखेच्या घडीत पुरळ येतं. वास येणारं मऊपणाचं द्रव्य घालू नका, तुमचं कापड आधीच मऊ आहे. झबलं उलटं करून उन्हात टाका, म्हणजे अंगाला लागणारी बाजू कोरडीठाक होते आणि बाहेरचा रंगही कमी उडतो. पावसाळ्यात इस्त्री फिरवून शेवटचा ओलावा घालवा, काखेतली दुहेरी शिवण सगळ्यांत शेवटी वाळते.

तीन-चार महिन्यांत झबलं लहान होतं, पण फाटलेलं नसतं. ते पुढं जातं, मावसबहिणीकडं, शेजारी, कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाकडं. देण्याआधी एकदा धुवून उलटं करा, शिवणी बघा, आणि चारही बंद जोरानं ओढा. वरच्या पदराचा वरचा बंद बहुधा आधी सैल झालेला असतो, कारण घाईत सगळे तोच ओढतात. तो उसवून, नवी पट्टी लावून, दुहेरी टीप मारून मगच घडी घाला.